नुसतं फिरायला

९ जानेवारी

लिफ्टवाले साडू यांस,

तुझी बदली झाल्यापासून आपल्या बायका, दोघी बहिणी, रोज फोनवर बोलतात आणि सगळं बोलून संपलं की फोन आपल्या हातात देतात. मग तू म्हणतोस, "काय, बरं आहे ना?" आणि मी म्हणतो, "बरं आहे." याला काही बोलणं म्हणतात का? म्हणून हे पत्र. टाईप मीच केलंय. कॉम्प्युटरमधली बाई अक्षर न् अक्षर वाचून दाखवतेय. तुझं उत्तरही तीच वाचणार, तेव्हा विनोद जपून कर. चांगल्यात चांगला विनोदही ती निधनवार्तेच्या सुरात वाचते.

बातमी अशी की क्लबानं मला नवा पुढचा माणूस दिला. आपल्या जोडसायकलच्या पुढच्या सीटवर, म्हणजे हँडल आणि ब्रेक जिथे आहेत तिथे, आता तुझ्या जागी एक व्यायामशिक्षक बसतात. मागे मी, होतो तसाच. पाय मारायचे, आणि पुढच्यानं पाडलं तर पडायचं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी एका हातानं माझा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं माझी मांडी दाबून पाहिली. बाजारात बैल पाहतात तशी. म्हणाले, "वा! हे पाय असे वाया का घालवताय?" मी म्हटलं, "वाया कुठे? दर रविवारी कालव्यापर्यंत नेतो त्यांना." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

तेव्हापासून आम्ही स्टेडियमभोवतीच्या रस्त्यावर चकरा मारतो. कालवा नाही, वखारीचा ओल्या लाकडाचा वास नाही, पुलाखालून जाताना बदलणारा आवाज नाही. मास्तर बोलत नाहीत, बोलल्यानं दम जातो म्हणे. काल न राहवून मी विचारलं, "मास्तर, आत्ता समोर काय दिसतंय?"

"घड्याळ," ते म्हणाले.

तू काय काय सांगायचास! गच्चीवर छत्रीखाली बसून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, दुकानाच्या पाटीवर चुकीचं लिहिलेलं नाव. त्यातलं अर्धं तू रचायचास हे मला ठाऊक होतं. माझं त्यानं काही अडायचं नाही.

मे महिन्यात मोठी स्पर्धा आहे आणि मास्तरांना मला तिथे उतरवायचंय. तुझं मत काय?

तुझा,
थोरला साडू


१७ जानेवारी

साडूभाऊ,

नमस्कार. तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि उभाच राहिलो. हातातला पाना खाली पडला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तो शोधावा लागला. माझं मत काय विचारता? अहो, हो म्हणा! असे मास्तर मिळायला नशीब लागतं.

खरं सांगू का, आपण इतकी वर्षं नुसती टंगळमंगळ केली. कालव्यापर्यंत जायचं, टपरीवर चहा प्यायचा, वखारवाल्याच्या जावयाच्या कागाळ्या ऐकायच्या आणि परत यायचं. तुमच्या पायांत एवढं बळ आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी पुढे बसून गप्पा छाटत होतो आणि मागे अर्धं इंजिन गंजत होतं.

इथे कंपनीतली एक टोळी सकाळी सायकली घेऊन निघते. मीही जातो. छातीला पट्टा बांधलाय, तो नाडी मोजतो. आठवड्याचा तक्ता ठरलेला आहे. सुरुवातीला मागे पडायचो, आता मधल्या घोळक्यात असतो. सायकल अशी चालवायची असते हे इथे आल्यावर कळलं. नुसतं फिरून माणूस कुठे पोचतो?

तुम्ही मास्तरांचं ऐका. मी इथे सगळ्यांना सांगून टाकलंय की आमचे साडू स्पर्धेत उतरणार आहेत.

ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू


२० फेब्रुवारी

लिफ्टवाले,

तुझं ऐकलं. पुरा एक महिना मन लावून चकरा मारल्या. मास्तर वाईट माणूस नाही. वेळेवर येतात, माझी पाण्याची बाटलीही स्वतः भरतात. वेग वाढला. पाय खूश होते. बाकीचा मी मात्र घरी बसल्यासारखा होतो.

परवा ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा म्हणाला, "अरे, तुझा फोटो लागलाय क्लबाच्या फाटकावर!" हा शेजारचा तुला आठवत असेल. पाणीखात्याच्या तक्रारी आम्ही दोघं मिळून ऐकतो. नळाला पाणी नाही म्हणणारी माणसं माझ्या वाट्याला, पाण्याला वास येतो म्हणणारी त्याच्या. मी म्हटलं, काय लिहिलंय ते वाच. तो म्हणाला, "'अंधारावर विजय!' आणि खाली तू, काळा चष्मा लावून."

मी काळा चष्मा जन्मात लावलेला नाही. तो त्यांनी फोटोवर मागाहून रंगवलाय.

संध्याकाळी थेट क्लबात गेलो. अध्यक्षांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, "फोटो काढून टाका. मी स्पर्धेत नाही."

"अहो, पण तुमच्याकडे बघून लोकांना उमेद येते!"

"लोकांनी आपली उमेद आपली शोधावी. मी सायकलवर मजा करायला बसतो."

"मजा तर सगळेच करतात," ते म्हणाले. "तुम्ही त्याहून वेगळे आहात."

"नाही हो. मला फक्त दिसत नाही."

चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की जोडसायकल क्लबाची आहे, एकच आहे, आणि ती स्पर्धा करणाऱ्याकडेच राहील. नियम आहे. महिनाअखेर परत करा.

मला त्या नियमाचा राग आला नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. दिसेनासं झाल्यापासून लोकांनी माझ्यापुढे दोनच खुर्च्या मांडल्यात. एकीवर बसलो की लोक 'अरेरे' म्हणतात आणि दुसरीवर बसलो की टाळ्या वाजवतात. ज्याला दिसतं त्याला कुणी विचारतं का, कशाला रे बाबा कालव्यावर गेलास, काय सिद्ध केलंस? तो जातो, हवा खातो, परत येतो. मला तेवढंच हवंय. आणि ते मी मिळवणार. सायकल क्लबाची असली तरी रविवार माझा आहे.

तुझी ताई चिडलीय. तिचं म्हणणं, स्टेडियमभोवती गाड्या नाहीत, डॉक्टर जवळ आहे, मास्तर जबाबदार आहेत, एवढं सुरक्षित सोडून मला कुठे जायचंय? मी म्हटलं, "कुठेच नाही, तेच तर." दोन दिवस ताट आदळून वाढत होती.

थोरला साडू


२६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण घेतल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही चूक केलीत. हा निव्वळ हट्ट आहे. मास्तरांसारखा माणूस रोज पहाटे उठून तुमच्यासाठी येतो आणि तुम्ही एका फोटोवरून सगळं मोडून बसता? काळा चष्मा रंगवला तर रंगवला. त्यानं काय अंगाला भोकं पडली?

मीच बघा. मागच्या रविवारी टोळीबरोबर टेकडी चढलो. छातीचा पट्टा ओरडत होता, पण थांबलो नाही. वर पोचल्यावर जे वाटलं ते कालव्याकाठच्या चहात नव्हतं. आमचा टोळीचा म्होरक्या म्हणतो, ठरवल्याशिवाय सायकल मारणं म्हणजे घामाची नासाडी.

अजून वेळ गेलेली नाही. अध्यक्षांना फोन करा, मास्तरांची माफी मागा. माझ्यासाठी करा, वाटल्यास.

धाकटा साडू


३ मार्च

लिफ्टवाले,

काल तुझ्या बायकोचा, धाकटीचा, फोन आला होता. ती तुझ्या ताईला सांगत होती की घरात कपडे वाळत घालायला जागा नाही, पण तुझ्या सायकलची बाल्कनीत छान सोय झालीय. हँडलवर टॉवेल, दांड्यावर मोजे, आणि सीटवर तिनं कुंडी ठेवलीय. तुझा छातीचा पट्टा अजून खोक्यातून बाहेर निघालेला नाही. टोळीबरोबर तू एकदाच गेला होतास आणि अर्ध्या रस्त्यातून चालत परत आलास.

फोन मोठ्या आवाजावर होता. मी भाजी निवडत होतो. दिसत नसलं तरी माझे कान शाबूत आहेत, हे ती विसरली.

तू टेकडी चढला नाहीस याचं मला काही वाटत नाही. पण मला का चढवत होतास? मला लिफ्टमध्ये घालून, वरच्या मजल्याचं बटण दाबून, तू बाहेरच्या बाहेर दार का लावत होतास?

क्लबाची सायकल परत केली. जिन्याखाली जागा झाली म्हणून तुझ्या ताईनं तिथे चपलांचं कपाट आणून ठेवलं. मी ते उचलायला लावलं. ती जागा सायकलची आहे. सायकल यायची आहे एवढंच.

थो. साडू


२९ मार्च

साडूभाऊ,

तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. हे चौथं तरी तुमच्यापर्यंत पोचू दे.

टोळीबरोबर गेलो होतो, एकदाच. सगळे मान खाली घालून चालले होते. वाटेत एक माणूस हातगाडीवर भलामोठा आरसा घेऊन चालला होता. त्या आरशात आमची अख्खी टोळी उलटी पळताना दिसत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "ते बघा, आरसा! आपण सगळे त्यात आहोत!" कुणी मान वर केली नाही. शेजारच्यानं विचारलं, "कुणाशी बोलताय?"

मी तुमच्याशी बोलत होतो. सवयीनं. गाडी आली, खड्डा आला, कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं खुर्ची बाहेर मांडलीय, सगळं मी बोलत राहतो आणि मागून उत्तर येत नाही. एकट्याची सायकल मला हलकी लागते. इतकी हलकी की भीती वाटते. म्हणून उतरलो आणि चालत घरी आलो. मग परत बसलोच नाही.

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तुमचा रविवार मी मोडला असं मला वाटत होतं. बदली मीच मागून घेतली होती. पगार वाढणार होता, धाकटीची नोकरी इथे होती, सगळं ठीकच होतं. पण तुम्ही फाटकात उभे राहून म्हणालात, "बघ, सांभाळून जा," आणि मी वळूनही पाहिलं नाही. म्हणून मास्तरांचं कळल्यावर मला हायसं वाटलं. वाटलं, हे आपल्याहून चांगल्या हातात गेले, मोठे झाले, आता आपण सुटलो. तुम्हाला नको होतं हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. कळूनही रेटत राहिलो.

झालं ते झालं. आता माझं ऐका. आमच्या वर्कशॉपमागे भंगारात दोन जुन्या सायकली आहेत, दणकट नळीच्या. साहेबांना विचारून घेतल्यात. वेल्डिंग मला येतं. लिफ्टचे पाळणे जोडतो तर दोन सायकली जोडणार नाही का? कुंडी खाली उतरवलीय, टॉवेल धाकटीनं आपणहून काढले. ती सायकलही लागणार आहे, तिची चेन चांगली आहे.

पुढे कोण बसणार ते तुम्ही बघा. सायकल माझ्याकडून.

धाकटा साडू


२२ एप्रिल

अरे लिफ्टवाल्या,

आली! मालाच्या ट्रकमधून, गोणपाटात गुंडाळून, एखादी म्हैस आजारी पडून यावी तशी आली. मी जिन्यातच बसून गोणपाट सोडलं आणि पुढून मागपर्यंत सगळी हातांनी पाहिली. सांधा जरा खडबडीत आहे, पण मला तो आवडला. कुठे तू थांबलास, कुठे परत सुरू केलंस, ते बोटाला कळतं. मागच्या हँडलला घंटी लावलीस ती कुणासाठी रे? मागच्यानं पुढच्याला वाजवायची? वाजवतो.

आता पुढचा माणूस. मी वाट बघत बसलो नाही. सरळ ऑफिसातल्या शेजारच्याला विचारलं. "येतोस?" म्हणालो. तो म्हणाला, "मी शाळेत असताना चालवायचो." मी म्हटलं, सायकल काय विसरतात थोडीच.

तो विसरला होता. रस्त्याच्या टोकापर्यंत झकास गेलो. तिथे वळण आहे हे त्यानं मला सांगितलं, पण सायकलला सांगितलं नाही. आम्ही सरळ दंतवैद्याच्या कुंपणात! मेंदीचं कुंपण होतं म्हणून वाचलो. तो आत, मी अर्धा बाहेर, आणि दंतवैद्य खिडकीतून विचारतोय, "दात शाबूत आहेत ना?"

माझं कोपर सोललं. घरी आलो तर तुझी ताई दारात. मी म्हटलं आता तोफ सुटणार. तिनं काही न बोलता कोपर धुतलं, औषध लावलं. औषध जरा जास्तच जोरात लावलं. मग म्हणाली,

"परत जाणार?"

"जाणार."

"त्याच्याबरोबर?"

"तो नाही म्हणतोय. दुसरा शोधीन. तोही पळाला तर तिसरा."

"म्हणजे तुम्ही काही सोडणार नाही."

"नाही."

बराच वेळ कापसाची पुडी गुंडाळल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "कुंपणातच पडायचं असेल तर परक्या माणसाबरोबर कशाला पडता? माझ्याबरोबर पडा."

मला वाटलं रागानं म्हणतेय. पण ती तशीच जिन्याखाली गेली आणि पुढची सीट खाली करायला लागली. पाना कुठे आहे म्हणून ओरडली. अरे, तिनं लग्नाआधी सायकल सोडली, त्यानंतर हात लावलेला मी पाहिलेला नाही. आणि ऐकलेला तर नाहीच.

थोरला साडू


१४ मे

धाकटे जावईबापू यांस,

हे पत्र मी लिहितेय, तुमची ताई. ह्यांनी सांगितलंच असेल सगळं, मीठमसाला लावून. आता माझ्या बाजूनं ऐका.

तुमची ती सायकल मी रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात नेते. शाळा म्हणजे मी जिथे प्रयोगशाळा सांभाळते ती. तिथे मुलं नसतात, फक्त पहारेकरी असतो आणि त्यानं हसायचं नाही असं मी त्याला सांगून ठेवलंय. मागच्या सीटवर हे नाहीत. मागच्या सीटवर वाळूचं पोतं आहे. माणसाच्या वजनाची सवय होईपर्यंत पोतं बांधायचं असं मी ठरवलं. पोतं बरं असतं. ते "अगं, जरा जोरात" म्हणत नाही, घंटी वाजवत नाही. दोनदा पडलो, मी आणि पोतं. पोत्यानं तक्रार केली नाही.

पण परवा ह्यांना मागे बसवलं आणि सगळं बिघडलं. निघताना मी पाय उचलते तोच हे जोर लावतात आणि सायकल गाढवासारखी उधळते. तुमच्याबरोबर हे कसे निघायचे? ते मला सविस्तर लिहा. आणि वळताना काय म्हणायचात?

आणखी एक. ह्यांना सांगू नका असं म्हणणार होते, पण सांगितलंत तरी हरकत नाही. जमिनीवर मला भीती वाटत नाही. हे माझं कोपर धरतात, मी चालते, पायरी आली की सांगते. इतकी वर्षं झाली, आता ते माझ्या अंगात भिनलंय. सायकलवर मात्र मी त्यांना मागे वळून बघू शकत नाही. ते आहेत की नाहीत, कसे बसलेत, चेहरा कसा आहे, काहीच दिसत नाही. नुसता विश्वास ठेवायचा. परवा हे माझ्या लक्षात आलं आणि मी मैदानाच्या मधोमध उभीच राहिले. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चेन बघते." चेनला काही झालं नव्हतं. हे तर रोज असंच जगतात की हो.

तेव्हा मी शिकणार. वेळ लागला तर लागू दे. लवकर उत्तर पाठवा.

धाकटीला आशीर्वाद.

तुमची,
ताई


२० मे

ताई,

नमस्कार. सांगतो.

निघताना उजवं पॅडल वर घेऊन त्यावर तुमचा पाय हवा, त्यांचाही वर येईल, पुढची-मागची पॅडलं एका चेननं बांधलेली आहेत. मग "एक" म्हणायचं, श्वास घ्यायचा, आणि "चल" म्हणायचं. "एक"वर ते कधीच थांबत नाहीत, म्हणून मी पहिला "एक" मनातल्या मनात म्हणून तयार व्हायचो आणि दुसरा तोंडानं म्हणतानाच निघायचो. तुम्ही तसंच करा, त्यांना कळू देऊ नका.

वळायच्या आधी सांगा, वळताना नको. वळताना सांगितलं की ते वाकून मदत करतात, आणि त्यांची मदत म्हणजे कुंपण.

बोलत राहा. काय दिसतं ते सांगा. काही दिसत नसेल तर काहीतरी रचा, त्यांना चालतं. फक्त खड्ड्याच्या बाबतीत खोटं बोलू नका.

आणि मागे वळून बघायची गरज नाही, ताई. ते खूश असले की पुटपुटत गुणगुणतात, सूर सोडून. ते ऐकू आलं की समजा सगळं ठीक आहे. गुणगुणणं थांबलं तर चढ आलाय, नाहीतर त्यांना भूक लागलीय.

मी आलो असतो, पण मुद्दामच येत नाही. मी आलो तर तुम्ही हँडल माझ्या हातात द्याल.

धाकटा साडू


९ जून

लिफ्टवाले साडू,

आज रविवार. आताच घरी पोचलो. तुझी ताई पाय बादलीत बुडवून बसलीय आणि कॉम्प्युटरमधली बाई तिच्यासमोर हे पत्र वाचत चाललीय, तेव्हा यात मी काहीही वाढवून सांगू शकत नाही. प्रत्येक वाक्याला "असं नाही झालं" चाललंय.

सकाळी निघालो. दंतवैद्याच्या कुंपणापाशी ती म्हणाली, "आता डावीकडे. मदत करायची नाही." मी दगडासारखा बसलो. वळलो! दंतवैद्य बाहेर उभा होता बहुतेक, कारण कुणीतरी टाळी वाजवली. मी घंटी वाजवून उत्तर दिलं.

कालव्यावर जायचं ठरलं होतं. पण फाट्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "तिकडे तुम्ही नेहमी जाता. मला तिकडचं काय ते सगळं तोंडपाठ आहे, इतक्या वेळा तुम्ही येऊन सांगितलंय. मी कधीच न गेलेल्या रस्त्यानं जाऊ का?" मी म्हटलं, हँडल तुझ्याकडे आहे.

तुझ्यासारखं ती बोलत नाही. तू चित्रं काढायचास, ती मोजून मापून सांगते. "पिवळी भिंत. भिंतीवर मांजर. मांजर खरं आहे." मध्येच गप्प होते, आणि ती गप्प झाली की मला कळतं की तिला काहीतरी आवडलंय आणि ती एकटीच बघतेय. बघू दे. मी तेवढ्यात हवा खातो. एके ठिकाणी ताज्या रंगाचा वास आला, एके ठिकाणी कुणीतरी जोरजोरात गालिचा झोडपत होतं, आणि मग आवाज विरळ होत गेले. चढ लागला. तिचा श्वास ऐकू येत होता. मी पायांत जोर घातला तर म्हणाली, "हळू. कुठे पोचायचंय?" अरे, हे वाक्य तिनं म्हणावं!

चढ संपला तिथे ती थांबली. पाय टेकले.

"काय झालं?" मी विचारलं. "चेन?"

"चेन नाही. आपण कुठे आलोय ते मला कळत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकलो. एक गुरांचा दवाखाना आहे, त्याला कुलूप आहे. दोन रस्ते फुटतात. पाटी नाही. माणूस नाही."

मला दिसेनासं झाल्यापासून, साडू, तिच्या तोंडून 'मला माहीत नाही' मी ऐकलेलं नव्हतं. पायरी कुठे, खुर्ची कुठे, ताटात कशाच्या शेजारी काय, दारात कोण, सगळं तिला माहीतच असायचं. माझ्यासाठी माहीत ठेवावंच लागायचं. आणि आज त्या टेकाडावर आम्ही दोघं एकसारखे उभे होतो. कुठे आहोत ते तिलाही कळत नव्हतं, मलाही नाही. मला वाटलं ती घाबरली असेल. मी कान देऊन ऐकलं. ती हसत होती. आवाज न करता हसत होती, सीट हलत होती म्हणून मला कळलं.

"परत फिरायचं?" मी विचारलं. "आलो तसं?"

"तुम्हाला फिरायचंय?"

"मला नाही."

"मग मला का विचारता?" मग म्हणाली, "उजवीकडचा रस्ता चांगला आहे. डांबरी, सपाट, गावाकडे जात असावा. डावीकडचा..."

"डावीकडचा काय?"

"डावीकडे उतार आहे. लांबच लांब. खाली झाडी दिसतेय, पुढचं काही दिसत नाही."

तिनं विचारलं, "ब्रेक लागतात ना नीट?"

"ब्रेक तुझ्या हातात आहेत. मला काय माहीत?"

"मग घट्ट धरा," ती म्हणाली, आणि सायकल डावीकडे वळवून तिनं ब्रेक सोडले.

तुझा,
थोरला साडू